नावाचा रकाना

सोमवारी पहाटे साडेपाचला
रामबागेत दूधवाला यायच्या आधी
मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून
मी त्या लांबच्या देशातला सोहळा बघत होते.

नामांकनं वाचणाऱ्या देखण्या माणसाची जीभ
चार नावांवरून तुपासारखी घसरली,
पाचव्यावर अडखळली. तो हसला. सभागृह हसलं.
ती मेक्सिकोकडची, माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची,
तीही हसली.
ते हसू मला पाठ आहे.
बातमीत तिला 'लॅटिनो चेहरा' म्हटलं होतं
आणि हिशेब दिला होता: चाळीस सिनेमे,
त्यांपैकी एकतीसमध्ये मोलकरीण,
उरलेल्यांत बहुतेक गुंडाची आई.
बक्षीस दुसरीला गेलं.
कॅमेरा तिच्यावर दीड सेकंद थांबला.
मी मोजला, पोहे भिजवता भिजवता.

माझे बावीस.
शांताबाई, सखूबाई, चंपाबाई, दोनदा नुसतीच बाई,
एकदा पोछेवाली, तीही पाठमोरी.
माझी आई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची,
नऊवारी आम्ही पणजीच्या फोटोत बघितलेली,
पण तिकडे कपडेपटात माझ्या मापाची एक हिरवी
कायम इस्त्री करून टांगलेली असे.
"मॅडम, थोडी मराठी डालो ना मुँह में."
आणि मी, जिची हिंदी इंदूरनं
बारा वर्षं रेडिओवर ऐकली,
ती मी मान हलवून म्हणायचे, "काय रे साब."
पुण्यात गेले तर उलटंच.
"गोड आहे हो तुमचं मराठी,
पण जरा तिकडचं वाटतं."
तिकडचं म्हणजे कुठलं, भिया?

इथल्या मंडळानं शाल दिली, श्रीफळ दिलं,
मानचिन्हावर लांभातेचं लंबाते झालं.
ते शोकेसमध्ये आहे, भिंतीकडे तोंड करून.

त्याच संध्याकाळी लघुपट स्पर्धा होती. मी परीक्षक.
सातवी फिल्म: विजयनगरचा फ्लॅट,
नवरा-बायकोचं भलं मोठं एकाकीपण,
आणि मागे, ओट्यापाशी, एक मुलगी.
शेवटी ती कप उचलते,
तळाशी उरलेला चहा बघते,
आणि ओतत नाही.
बस, एवढंच.
माझ्या अंगावर काटा आला.
श्रेयनामावलीत 'मोलकरीण' असं होतं
आणि पुढे कोरी जागा.

मी म्हटलं, अभिनयाचं हिला द्या.
बाकीचे दोघे हसले.
"अहो ताई, ती खरंच त्यांच्याकडे भांडी घासते.
यात अभिनय कुठला? ती तशीच आहे."

तशीच.
हा शब्द मी बावीस वेळा
मानधन म्हणून घेतलाय,
रोख, रिक्षाभाडं वेगळं.

दोन विरुद्ध एक. हरले.
गुणपत्रिकेत नावाचा रकानाच नव्हता.
आणि लाज याची वाटली
की भांडता भांडता मीसुद्धा तिला
'ती मोलकरीण'च म्हणत होते.

बाहेर चपलांच्या ढिगापाशी ती उभी होती,
कुणाची तरी बॅग सांभाळत.
नाव विचारलं.
"थावरी. थावरी भूरिया.
आलीराजपुर के पास गाँव है.
थावर को हुई थी, मतलब शनिवार को."
मग बॅग दुसऱ्या खांद्यावर घेत,
"और आपका?"

शांता, सखू, चंपा,
सगळ्या एकदम जिभेवर आल्या, पदर खोचून.
त्यांना बाजूला करायला वेळ लागला.

सांगितलं.
तिनं ते एकदा चुकीचं म्हटलं.
थांबली.
मग ओठ नीट जुळवून
पुन्हा म्हटलं.